खालची डावी दाढ

रात्रीचे दोन वाजून गेलेत. एग्मोर स्टेशनजवळच्या लॉजमधला पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, तरी उशी घामाने ओली आहे. तुम्ही आडवे होता आणि दाढेतला ठणका जागा होतो. उठून बसलात की जरा ओसरतो, डोकं टेकलं की पुन्हा चढतो. शेवटी उठून बाटलीतल्या गार पाण्याचा घोट घेता. घोट डाव्या बाजूला जातो आणि सणक थेट कानापर्यंत पोहोचते. पाणी गिळून होतं, कळ मात्र थांबत नाही. तुम्ही मनात आकडे मोजायला लागता. दहा. वीस. चाळीसला ती उतरणीला लागते.

बोट आपोआप खालच्या डाव्या जबड्यावर जातं. सुळा, त्यामागे दोन लहान दाढा आणि मग ही पहिली मोठी दाढ. हीच ती. याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पुढचा ठणका उठतो तेव्हा डोळे मिटतात. उघडतात तेव्हा पंख्याचा आवाज बंद झालेला असतो.

मद्रास, १७९७

पायाखाली वाळू मिसळलेली माती आहे. पूर्वेकडून खारा वारा येतोय. दक्षिणेला सेंट जॉर्ज किल्ल्याची तटबंदी दिसते आणि तुम्ही उभे आहात ते तिच्या उत्तरेला पसरलेलं ब्लॅक टाउन. इथे तमिळ आणि तेलुगू एकाच दमात बोलली जाते. तेवढ्यात गर्दीतून मराठी कानावर पडते.

दचकू नका. या दिवसांत मद्रासेत मराठी माणसं आहेत. तंजावरच्या तुळजाराजांनी दत्तक घेतलेले सरफोजी भोसले १७९३पासून इथेच राहतात. गादीवर चुलते अमरसिंह आहेत, वारसाचा तंटा कंपनी सरकारपुढे पडून आहे आणि विशीतले राजे जर्मन मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली इंग्रजी विद्या शिकताहेत. पुढच्या वर्षी, १७९८मध्ये, ते तंजावरच्या गादीवर बसतील. आज त्यांच्या लवाजम्यातला एक पिकल्या मिशांचा माणूस तुमच्याकडे बघत थांबतो.

“काय हो, दाढ धरलीय?”

तुम्ही मान हलवता. तो तुम्हाला हाताला धरून कडुनिंबाच्या सावलीत बसलेल्या न्हाव्याकडे घेऊन जातो. तमिळ मुलखात या जातीला मरुत्तुवर, म्हणजे वैद्य, असंही नाव आहे. वस्तरा चालवणारा हात गळू फोडतो, हाड बसवतो आणि दातही काढतो. न्हावी तुमचं तोंड उन्हाकडे वळवतो आणि एकच प्रश्न विचारतो.

“एंद पल्?” कोणता दात?

तुम्ही बोट ठेवता. त्याला आणखी काही विचारायचं नसतं.

आधी तो धुरी देतो. निखाऱ्यावर कंडंगत्तिरीच्या, म्हणजे आपल्या भुईरिंगणीच्या, वाळक्या बिया टाकतो आणि त्यांचा धूर नळीतून तुमच्या दाढेवर सोडतो. धुराने गुदमरून दातातला किडा बाहेर पडेल, असा त्याचा विश्वास आहे. हा विश्वास त्याच्या एकट्याचा नाही. बाबिलोनपासून युरोपपर्यंत माणसं हजारो वर्षं दातात किडा शोधत आली आहेत. फ्रान्सच्या पिएर फोशारने सूक्ष्मदर्शकाखाली बघून ‘मला किडा दिसला नाही’ असं १७२८मध्येच ग्रंथात लिहून ठेवलंय, पण त्याचा ग्रंथ या कडुनिंबाखाली पोहोचलेला नाही. आपण तरी त्या किड्याला पुरतं सोडलंय कुठे? ‘दाताला कीड लागली’ असंच तर तुम्ही घरी फोनवर सांगितलं होतं.

धुराने डोळ्यांतून पाणी येतं. ठणका तसाच राहतो. न्हावी कापडात गुंडाळलेला चिमटा काढतो.

मिशीवाले गृहस्थ तुमच्या कानाशी वाकतात. किल्ल्यातल्या गोऱ्या सर्जनकडे याहून जोरकस हत्यार आहे म्हणतात, दरवाजाच्या किल्लीसारखं. ते खरंच सांगताहेत. दाताची किल्ली युरोपात तेव्हा घरोघरच्या वैद्यांकडे होती. तिचा आकडा दाताच्या मानेत अडकवायचा, दांडा हिरडीवर टेकवायचा आणि मूठ फिरवायची. दात निघायचा. कधी दाताचा तुकडाच हातात यायचा, तर कधी जबड्याचं हाडही सोबत यायचं. भूल नावाची गोष्ट जगाला माहीत व्हायला अजून अर्धं शतक आहे. १८४६च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाचा माणूस ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवेल, आणि तोही पेशाने दंतवैद्यच असेल.

चिमट्याचं गार लोखंड दाढेला लागतं. न्हावी असो की सर्जन, दोघांचा प्रश्न एकच आहे आणि दोघंही तुमच्या बोटावर पूर्ण भरवसा ठेवून आहेत. तुम्ही डोळे गच्च मिटता.

तंजावर, १८२७

उघडता तेव्हा पायाखाली थंड फरशी असते. तुम्ही मद्रासपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, कावेरीच्या काठच्या मुलखात आला आहात. मद्रासेत इंग्रजी शिकणारे ते तरुण राजे आता पन्नाशीत आहेत. राज्यकारभार १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला. हातात उरलेला वेळ आणि पैसा त्यांनी विद्येत घातला. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्यांशेजारी युरोपातले ग्रंथ आहेत. धन्वंतरी महालात औषधं तयार होतात, तपासली जातात, रुग्णांना दिली जातात. गुण आलेल्या औषधांचे पाठ पुढे तमिळ पद्यात ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने राजांच्या नावावर ओळखले जातील.

तुमच्या दाढेवर इथे कुणी उपाय करणार नाही. तुम्हाला एक कागद बघायचाय.

समोर डोळ्यांचा एक रुग्ण बसलाय. त्याच्याशेजारी कारकून लिहितोय. नाव, वय. तक्रार काय, कधीपासून. डोळा तपासल्यावर काय दिसलं, काय केलं, दुसऱ्या दिवशी कसं होतं, पथ्य काय दिलं. त्याबरोबर त्या डोळ्याचं हाताने काढलेलं चित्रही आहे. सरफोजीराजांच्या दरबारातली ही नेत्ररुग्णांची पानं आजवर टिकून आहेत, आणि दोनेक शतकांनी चेन्नईच्याच शंकर नेत्रालयाचे डॉक्टर ती उलगडून अभ्यासतील.

तुम्ही त्या पानाकडे बघत राहता. कडुनिंबाखाली तुमच्याबद्दल कुणी ओळही लिहिली नव्हती. दात काढला आणि दुखणं राहिलं असतं, तर चूक कुठे झाली हे शोधायला मागे काहीच उरलं नसतं. लिहिलेल्या पानाला उद्या उलटून विचारता येतं: काल काय दिसलं होतं? आज ते बदललं का? रोगनिदानाची सुरुवात या उलटून विचारण्यात आहे.

पोथ्यांच्या दालनात सुश्रुताकडेही जरा थांबा. त्याने दातांचे आठ रोग सांगितलेत आणि ते ओळखायच्या खुणा म्हणून दुखण्याच्या तऱ्हा दिल्यात. दात फुटल्यासारखा दुखतो तो दालन. थंड, गरम आणि स्पर्श सोसत नाही तो दंतहर्ष. काळं भोक पडतं, दात हलतो, स्राव येतो आणि भारी वेदना होते तो कृमिदंतक. याच सुश्रुताने आणखी एक इशारा दिलाय: वरचा दात उपटू नका, फार रक्त गेलं तर दृष्टी जाईल, तोंड वाकडं होईल. आजच्या शास्त्राला ही भीती तशीच्या तशी मान्य नाही. तरी वरच्या आणि खालच्या दातांत त्याने केलेला हा भेद लक्षात असू द्या. तुमच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

तुमच्या दाढेसाठी इथे पान नाही. तुम्ही मनातच एक आखून घेता आणि पहिली ओळ भरता: खालची डावी पहिली मोठी दाढ, चार दिवस.

मद्रास, १९३६

औषधांचा उग्र वास. बाहेर सेंट्रल स्टेशनच्या गाड्यांच्या शिट्ट्या. हे रस्त्यापलीकडचं जनरल हॉस्पिटल. १६६४मध्ये किल्ल्यातल्या आजारी शिपायांसाठी सुरू झालेल्या छोट्या इस्पितळाचा हा आजचा विस्तार, आणि त्याला लागून १८३५पासूनचं मेडिकल कॉलेज. दोनच वर्षांपूर्वी, १९३४मध्ये, इथे क्ष-किरणांसाठी बर्नार्ड इन्स्टिट्यूट उघडली आहे.

तुम्हाला लाकडी खुर्चीत बसवतात. काळ्या कागदातली छोटी फिल्म दाढेच्या आतल्या बाजूला ठेवून ती बोटाने दाबून धरायला सांगतात. यंत्र गुणगुणतं. काही सेकंदांचं काम. १८९६च्या जानेवारीत, रोंटगेनचा शोध जाहीर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा जर्मनीतला ओटो वाल्कहॉफ दाताचं पहिलं चित्र मिळवायला काचेची पट्टी तोंडात धरून पंचवीस मिनिटं निजून राहिला होता.

ओली फिल्म उजेडापुढे धरली जाते. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाढेच्या आत बघता. वरचं दंतवल्क शुभ्र. मध्यभागी काळसर पोकळी, त्यात दाताचा मगज: रक्तवाहिन्या आणि नसा. खाली दोन मुळं, त्यांच्याभोवती हाडाची अखंड रेघ. कुठे खड्डा नाही, मुळाच्या टोकाशी काळा डाग नाही.

“दाढ तर निरोगी दिसते,” डॉक्टर पुटपुटतात. मग खांदे सैल सोडतात. “पण दुखतेय ना? काढून टाकू. भुलीची सुई देऊ, कळणारही नाही.”

ते निष्काळजी नाहीत, त्यांच्या काळाचं शास्त्र बोलताहेत. विलियम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने शतकाच्या सुरुवातीला मांडलं की सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत कित्येक आजारांचं मूळ तोंडातल्या दडलेल्या संसर्गात असतं. त्या विचाराच्या लाटेत इंग्लंड-अमेरिकेत संशयावरून माणसांचे दात काढले गेले, कुणाकुणाचे सगळे. भुलीने दुखणं थांबवलं होतं, त्यामुळे दात काढणं सोपं झालं. चूक करणंही सोपं झालं.

तुम्ही त्या फिल्मकडे पुन्हा बघता. यंत्र खोटं बोललेलं नाही. तुम्ही जिथे बोट ठेवलंत, तिथलं चित्र त्याने दिलं. दुसरीकडे बघ असं त्याला कुणी सांगितलंच नाही.

मद्रास, १९५५

आता देश स्वतंत्र आहे. ब्रॉडवेकडून येताना एका दुकानावर भल्या मोठ्या दाताची पाटी दिसते, आत चिनी दंतवैद्य. चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या या कुटुंबांनी बापाकडून मुलाकडे अशी विद्या चालवत मद्रासच्या कित्येक पिढ्यांना दात बसवून दिले. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवह्या तयार केल्या: पदवी असलेल्यांसाठी एक भाग आणि पदवी नसून वर्षानुवर्षं हेच काम करत आलेल्यांसाठी दुसरा.

पदवी देणारी सोय मद्रासला दोनच वर्षांपूर्वी झाली आहे. १९५३मध्ये मेडिकल कॉलेजात दंत विभाग निघाला. कलकत्त्यात डॉ. आर. अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२०मध्ये काढलं होतं, मुंबईत नायर रुग्णालयाचं १९३३चं. इथला मुलगा मात्र आताआतापर्यंत यासाठी दूर जात होता.

असाच एक मुलगा तुमच्यासमोर पाटीवर कागद लावून उभा आहे. मागे दोऱ्यांवर फिरणारं ड्रिल. हवेवर चालणारं वेगवान यंत्र बाजारात यायला अजून दोन वर्षं आहेत. मुलाच्या मागे त्याचे शिक्षक.

“कूसुदा? कुत्तुदा?” मुलगा विचारतो.

शिवशिवतं की टोचतं? तमिळमध्ये दात शिवशिवण्याला पल् कूच्चम् म्हणतात. आणि तुम्हाला जाणवतं की आपल्या भाषेकडेही या दुखण्याचा केवढा साठा आहे. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात. गार वाऱ्याने शिवशिवतात. चावताना सणक जाते. आत पू धरला की ठसठसतं. आणि रात्री जे नाडीच्या ठोक्याबरोबर उठतं तो ठणका. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिवशिव लगेच थांबत असेल, तर बहुधा दाताचं वरचं आवरण झिजलंय आणि आतला मगज शाबूत आहे. सणक फक्त चावण्याच्या एका क्षणापुरती असेल, तर दाताला तडा शोधावा लागतो. ठसठस आणि दात उंच झाल्यासारखा वाटणं म्हणजे रोग मुळाबाहेर हाडापर्यंत गेलाय. विचारल्याशिवाय आलेला, झोपेतून उठवणारा, मिनिटभर रेंगाळणारा ठणका सांगतो की मगज आता सावरणार नाही.

मुलगा विचारत जातो. जिना चढताना जबडा दुखतो का? थांबलं की थांबतो का? हा प्रश्न ऐकून तुम्ही चकित होता. शिक्षक समजावतात: हृदयाचं दुखणं कधी कधी डाव्या जबड्यात उमटतं, आणि अशा माणसाचा दात काढत बसलं तर त्याचा जीव जातो. गालाच्या आतून बोट फिरवून, जीभ उचलून तो कडा बघतो. पान-तंबाखूच्या या मुलखात हे चुकवायचं नाही. गेल्याच वर्षी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींच्या पुढाकाराने अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली आहे.

मग खालची दाढ. आरशाच्या दांड्याने हलकेच टिचकी: दुखत नाही. हिरडीत मोजपट्टी: खोल फट नाही. बर्फाची कांडी: गार लागतं आणि कांडी काढताच विरतं.

मुलाचा चेहरा पडतो. “सर, इथे काहीच सापडत नाही.”

“मग तसं लिही,” शिक्षक म्हणतात. “हा दात नाही, हेसुद्धा निदान आहे. दुखणाऱ्या माणसाचं म्हणणं खरं माना, पण त्याच्या बोटावर हत्यार चालवू नका.”

ते कागदावर एक आकृती काढतात. चेहऱ्याच्या एका बाजूची सगळी जाणीव वाहून नेणारी नस एकच, मेंदूतून निघणारी पाचवी. तिच्या वरच्या शाखेवर वरचे दात, खालच्या शाखेवर खालचे. मेंदूच्या खोडात दोन्ही शाखांचे निरोप एकाच ठाण्यावर उतरतात. तुमच्या डोळ्यांपुढे बेसिन ब्रिज जंक्शन येतं. उत्तरेच्या गुम्मिडिपूंडीकडून आलेली आणि पश्चिमेच्या अरक्कोणमकडून आलेली, दोन्ही गाड्या तिथूनच सेंट्रलला शिरतात. फलाटावर उभ्या माणसाला गाडी दिसते, ती कुठल्या रुळांवरून आली ते दिसत नाही. दाताच्या मगजातल्या नसांना वेदना कळते, जागा नेमकी सांगता येत नाही. रोग मुळाबाहेर पसरला की मग दात नेमका सापडतो. तोवर मेंदू अंदाज करतो, आणि कधी कधी खालच्या दाढेचं नाव घेतो.

“म्हणजे...” मुलगा तुमच्या तोंडावर पुन्हा दिवा धरतो. आरसा वरच्या दातांकडे वळतो.

त्याच क्षणी ठणका उठतो.

चेन्नई, आज

सकाळ झाली आहे. फोर्ट स्टेशनला लोकलमधून उतरून तुम्ही रस्ता ओलांडता. समोर तामिळनाडू सरकारचं दंत महाविद्यालय, १९५५मध्ये पाहिलेल्या त्या विभागाचंच मोठं झालेलं घर. रांग, केस पेपर, बाकड्यावर गालाला हात लावून बसलेली माणसं. तुमचा नंबर येतो. पदव्युत्तर शिक्षण घेणारी तरुण डॉक्टर खुर्ची मागे झुकवते, पण तोंड उघडायला सांगत नाही.

“सांगा,” ती म्हणते, आणि लिहायला घेते.

तुम्ही सांगता. ती मध्ये तोडत नाही. रात्री वाढतं, आडवं झाल्यावर वाढतं, गार पाण्याने चाळीस आकड्यांपर्यंत टिकतं. ती हा आकडाही लिहिते. दुकानातून आणलेल्या गोळ्या ती बघायला मागते. साखर आहे का, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं, कशाची अॅलर्जी? बोट टोचून साखर तपासली जाते.

मग ती निरोगी बाजूपासून सुरुवात करते. थंडगार कापसाचा बोळा उजव्या दाढेवर, म्हणजे तुमच्यासाठी ‘गार’ म्हणजे काय हे आधी कळावं. नंतर डावीकडे खालची पहिली मोठी दाढ, जिला दंतवैद्यकाच्या भाषेत छत्तीस नंबर म्हणतात. गार लागतं, विरतं. तिच्या शेजारणी. तेच. वरची पहिली मोठी दाढ. तेच. तिच्यामागची, सत्तावीस नंबर.

तुमचे हात खुर्चीला घट्ट धरतात. बोळा काढून घेतला तरी कळ चढतच जाते. दहा. वीस. चाळीस. आणि दुखतं कुठे? अजूनही खालीच. चटका वर लागला, बोंब खालच्या जबड्यात उठली.

एक्स-रे या वेळी वरच्या बाजूचा निघतो आणि क्षणात पडद्यावर येतो. शेवटी अर्धवट आलेली, पुढे कललेली अक्कलदाढ. तिच्या आणि सत्तावीसच्या मधल्या फटीत अन्न अडकत राहिलं, जंतूंनी साखरेचं आम्ल केलं आणि आम्लाने दात पोखरला. जंतूंचं आणि आम्लाचं हे नातं मिलर नावाच्या संशोधकाने १८९०मध्ये उलगडून दाखवलं होतं. कडुनिंबाखाली धुराने हुसकलेला किडा तो हाच, फक्त तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. पोखरलेली काळी छटा मगजाला भिडली आहे. आरशाने ती दिसणं शक्य नव्हतं.

“खात्री करू,” ती म्हणते. वरच्या दाढेच्या बाहेरच्या हिरडीत लिडोकेनची सुई. स्वीडनमध्ये १९४३मध्ये सापडलेलं हे औषध इथे आता तपासनीसाचं काम करणार आहे. भूल फक्त वर दिली आहे. खालची दाढच दोषी असेल, तर ती दुखत राहील.

तीन मिनिटं जातात. चार.

खालच्या जबड्यातला ठणका उतरतो. चार दिवसांत पहिल्यांदा तुमचे खांदे खाली येतात आणि डोळे भरून येतात. ती काही बोलत नाही, कागदाचा रुमाल पुढे करते.

निदान झालं. आता उपचारांचा आराखडा. ती तो पाठमोरी राहून लिहीत नाही, एक्स-रे तुमच्याकडे वळवून सांगते. मगज सावरण्यापलीकडे गेलाय. मार्ग दोन: रूट कॅनॉल करून दात वाचवायचा, किंवा दात काढायचा. काहीच केलं नाही तर एक दिवस ठणका आपोआप थांबेल, आणि माणसं तिथेच फसतात. दुखणं थांबतं ते मगज मेल्यामुळे. मग जंतू मुळातून हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजलेला माणूस परत येतो. तुम्ही दात वाचवायचं ठरवता. बाकीचा क्रम ती लावून देते. आज रोगट मगज काढून वेदना थांबवायची. पुढच्या खेपेला मुळातल्या नळ्या साफ करून भरायच्या. वरच्या दाढेला मुळं बहुधा तीन, नळ्या कधी तीन तर कधी चार, म्हणून घाई करायची नाही. मग दाताला कॅप. अक्कलदाढ काढायची, नाहीतर ती फट पुन्हा अन्न साठवेल. मग सहा महिन्यांनी तपासणी. खर्च किती आणि खेपा किती, हेही ती आधीच सांगते.

“आणि अँटिबायोटिक?”

“सूज नाही, ताप नाही, पू नाही. या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही. राहिलेल्या गोळ्या घेऊ नका.”

काम सुरू होतं. ड्रिलच्या आवाजामागून ओळखीचा वास येतो, लवंगेचा. दातात तात्पुरतं भरायच्या मसाल्यात लवंगेच्या तेलातलंच द्रव्य असतं. आजी कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकायची तो वास. आजीचा उपाय खोटा नव्हता, तो ठणक्याला काही वेळ निजवायचा. कोणत्या दाताला, का, आणि पुढे काय, हे प्रश्न तिच्या हातात नव्हते.

निघताना केस पेपर तुमच्या हातात येतो. वर तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत आहे: खालच्या डाव्या दाढेत चार दिवस ठणका. त्याखाली तिला सापडलेलं: वरची डावी दुसरी मोठी दाढ. वरची ओळ तिने खोडलेली नाही. तंजावरच्या महालातला कारकून असाच लिहीत होता: आधी माणूस काय म्हणाला, मग डोळ्यांना काय दिसलं.

भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही, असं तिने बजावलंय. फोर्ट स्टेशनच्या फलाटावर कॉफीचा वास दरवळतो, तुम्ही तो नुसताच घेता. समुद्राकडून तोच खारा वारा येतोय. जीभ सवयीने खालच्या डाव्या बाजूला जाते. सुळा, दोन लहान दाढा, मग ती. सव्वादोनशे वर्षांत तिच्यावर चिमटा लागला, किल्ली सुचवली गेली, सुई भरायची ठरली. ती जागेवर आहे.